जेवल्यावर एक

सन १९६४ ची गोष्ट. मी, वाहिद, लोणावळ्याच्या एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर औषध एकदा सांगत आणि मी तेच पेशंटला तीनतीनदा ऐकवी. खेड्यातल्या माणसांना एकदा सांगून कळत नाही, असं माझं ठाम मत होतं.

कार्ल्याच्या बहिरूला आमच्याकडून लार्गॅक्टिल जाई. त्याच्या कानात माणसं बोलत. एसटीतून तुला धरायला येतायत, असं ती सांगत, आणि हा कोयता घेऊन मोठ्या रस्त्यावर उभा राही. पुण्याच्या इस्पितळात आठ महिने काढून तो या नव्या गोळीवर घरी आला होता. हात जरा कापत, पाय जड पडत, पण यंदाची भातलावणी त्यानं केली. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, पुतळाबाईला, बजावलं होतं, पुन्हा रस्त्यावर गेला तर परत पुण्याला धाडावं लागेल.

श्रावणात तो पुन्हा एसटीसमोर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाई आली. महिना भरला होता, तरी तिच्या पदराच्या गाठीतून तीस गोळ्या निघाल्या. डॉक्टर पुण्याची चिठ्ठी लिहायला बसले. मी तडकलो.

"दिवसाला तीन सांगितल्या होत्या. उरल्या कशा?"

"तुमीच सांगितलं न्हवं, वाहिदभाऊ, जेवल्यावर एक. जेवल्याबिगर द्यायचीच न्हाई."

"मग?"

"भात सरत आलंय. आता एकच येळ चूल पेटती."

"मग रोज एकच गोळी जायला हवी होती," डॉक्टर म्हणाले. "दोन कशा गेल्या?"

"माज्या वाटची भाकर सांजच्याला त्यास्नी वाढायची. तिच्यावर दुसरी. तिसरीला कुटनं आणू?"

"आणि तुम्ही?"

"पेज पिती की."

माझं तीनतीनदा सांगणं तिनं शब्दाला शब्द पाळलं होतं. मला लाज वाटली.

डॉक्टरांनी चिठ्ठी बाजूला सारली. "बाई, गोळीला जेवण लागत नाही. तिन्ही वेळा नुसत्या पाण्याबरोबर द्या. महिनाभर बघू."

तिनं गोळ्या पुन्हा गाठीत बांधल्या. दारापर्यंत गेली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मंग सांजची भाकर मी खाल्ली तर चालंल?"

चालेल, म्हणालो. या खेपेला एकदाच सांगितलं.