हरणाचे केस

सकाळी व्हर्लिन स्कारचा फोन आल्यापासून मी खुर्चीत बूड टेकवलं नव्हतं. त्याची मुलगी किर्स्टन पहाटे हॉस्पिटलला निघाली होती आणि बेमिजी गावाच्या बाहेर बर्फावरून गाडी घसरून झाडावर गेली. पोरीला ओरखडासुद्धा नाही. कशी घसरली विचारलं तर "हरीण धडकलं," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

हरीण धडकलं असेल तर प्रश्न नव्हता. मी गावातली विमा एजंट, त्या गाडीचा विमा मीच उतरवला होता. कॉलेजात शिकणारी मुलगी आणि वर्षातले पाच-सहा महिने बर्फ, त्यामुळे हप्त्याचा आकडा ऐकून व्हर्लिनने टोपी काढून डोकं खाजवलं होतं. मग मी शहाणपणा केला. गाडी चौदा वर्षांची आहे, गाडी कशावर आदळली तर भरपाई देणारा भाग काढून टाक म्हटलं, चोरीचा, गारांचा आणि हरणांचा तेवढा ठेव. म्हणजे हरीण येऊन धडकलं तर पैसे मिळणार, पण हरणाला वाचवायला गाडी वळवून झाडावर घातली तर छदाम नाही. आमच्याकडे पोरांना स्टिअरिंग हातात देण्याआधीच बजावतात की हरीण दिसलं तर ब्रेक दाब, पण वळवू नकोस. किर्स्टनला तर मी दहा वेळा सांगितलं असेल. माझी जीभ काही गप्प बसत नाही.

किर्स्टन नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. नाताळपर्यंत रोज सत्तर मैलांवरच्या हॉस्पिटलात हजर राहायचं आणि दोन खाडे झाले की वर्ष गेलं. आजचा एक झालाच होता. विम्याचे पैसे आले तरच दुसरी जुनी गाडी घेता येणार होती.

गाडी तपासायला कंपनीचा माणूस दोन वाजता यायचा होता. माझ्याच्याने तोवर थांबवेना. बाराच्या सुमारास इंजिन गरम ठेवणारी वायर भिंतीतून उपटली आणि निघाले. सिग्नलला पोरं रमतगमत रस्ता ओलांडत होती, त्यांच्यावर उगीचच हॉर्न वाजवला.

किर्स्टनची गाडी ओढून नेली होती त्या मोडक्या गाड्यांच्या आवारात व्हर्लिन माझ्या आधी पोचला होता. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारा हा माणूस, दुकानदाराने डॉलर जास्त दिला तर बर्फातून परत द्यायला जाणारा. तो किर्स्टनच्या गाडीपुढे गुडघ्यांवर बसला होता. शेजारी पावाची रिकामी पिशवी होती आणि तिच्यात करड्या केसांचा पुंजका. शिकारीचा हंगाम नुकताच संपला होता आणि त्याने मारलेलं हरीण अजून गॅरेजात टांगलेलं होतं. त्याचेच केस तो पुढच्या जाळीत खोचत होता.

मी गाडीला एक फेरी मारली. पुढे चराही नव्हता. बर्फावर गाडी गर्रकन फिरून पार्श्वभागाने झाडावर आदळली होती.

"व्हर्लिन, मार मागे बसलाय."

तो उठून मागे गेला, बघून आला. हरीण नेहमी पुढेच लागतं, म्हणून मागे बघायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"मागूनही धडकू शकतं की," तो म्हणाला.

एरवी मी पोट धरून हसले असते. पण विम्याचा तो भाग मीच काढायला लावला होता आणि ते मला सकाळपासून खात होतं. सांगायला लाज वाटते, मी म्हटलं, "मागच्या दिव्यापाशी थोडे लाव," आणि पिशवी उचलली.

तेवढ्यात मैत्रिणीच्या गाडीतून किर्स्टन उतरली. तिने माझ्या हातातली पिशवी पाहिली, मग बापाकडे पाहिलं.

"मी सकाळी तिथूनच कंपनीला फोन केला होता," ती म्हणाली. "हरीण लागलंच नाही, मी वळवली, असं सांगितलंय."

"आधी मला विचारायचं होतंस."

"काय विचारायचं होतं, बाबा?"

 व्हर्लिनची मान खाली गेली. त्याने हातमोजे काढले आणि तो जाळीतला एकेक केस वेचायला लागला. थंडीने बोटं लाल झाली तरी थांबला नाही. थोड्या वेळाने किर्स्टनही त्याच्या शेजारी बसली आणि वेचू लागली. मी पिशवी धरून उभी होते, दुसरं काही करण्याची माझी लायकी नव्हती.

जाळी साफ झाल्यावर त्याने खिशातून आपल्या ट्रकची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. तुम्ही कामाला कसे जाणार, असं तिने विचारलं, तर दोन मैल काही लांब नाहीत म्हणाला. उणे वीस अंशांच्या थंडीत दोन मैल म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तिचं नाव ट्रकच्या विम्यात घाल, मार्लिस. आणि या वेळी स्वस्त काय पडेल ते सांगू नकोस."

मी बरं म्हटलं. ते दोघं गेल्यावर दोन वाजता कंपनीचा माणूस येईपर्यंत मी त्या आवारात नुसत्या येरझारा घालत राहिले.