लेबल नसलेली बाटली

"पेशंटला सलाईन कोणी लावली?" डॉक्टरांच्या वकिलांनी विचारलं.

"मीच," मालनबाई म्हणाल्या.

इंदिरानगरमधल्या डॉ. ललित बेळे यांच्या दवाखान्यात त्या एकोणीस वर्षं नर्स होत्या. साखरेचा आजार इथे कायमचा जातो असं ऐकून घोटीचा देवराम आला. डॉक्टरांनी त्याचं इन्सुलिन बंद केलं आणि स्वतः तयार केलेला अर्क सलाईनमधून द्यायला सुरुवात केली. त्या औषधाला परवानगी नव्हती, बाटलीवर साधं लेबलही नव्हतं. तिसऱ्या दिवशी देवरामला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. त्याला मोठ्या दवाखान्यात हलवू या, असं मालनबाईंनी दोनदा सांगून पाहिलं. अंगातलं विष बाहेर पडतंय, असं म्हणून डॉक्टरांनी बाटली बदलायला सांगितली. मालनबाईंनी ती बदलली. चौथ्या दिवशी देवराम गेला.

खटला उभा राहिल्यावर डॉक्टर मालनबाईंच्या घरी आले. नवरा वारल्यावर त्यांनीच मालनबाईंना नोकरी दिली होती. बाटलीत साधी सलाईन होती एवढंच कोर्टात सांगा, असं ते म्हणाले. मालनबाईंनी चहा दिला, होकार दिला नाही.

"म्हणजे बाई, गुन्हा असलाच तर तो तुम्ही केलात," वकील म्हणाले.

"केला असेल तर मला शिक्षा करा. पण बाटलीवर लेबल नव्हतं, आणि ती लावल्यापासून माणूस बिघडत गेला. हे मी वरच्या कोर्टातही असंच सांगेन."

डॉक्टर बेळे त्यांच्याकडे रोखून पाहत होते. मालनबाईंनी नजर झुकवली नाही. उलट न्यायाधीशांकडे वळून त्यांनी विचारलं, "लिहून घेतलंत ना साहेब?"

बाहेर व्हरांड्यात देवरामची बायको यशोदाबाई बाकावर बसली होती. उपचाराच्या त्या चार दिवसांत डॉक्टरांनी तिला नवऱ्याजवळ जाऊ दिलं नव्हतं. मालनबाई बाहेर आल्यावर तिने त्यांना थांबवलं.

"शेवटाला काय म्हनले ते?"

"पाणी मागत होते. सारखी तहान लागायची त्यांना."

"दिलं का?"

"डॉक्टर नको म्हणाले होते. मी दिलं."

यशोदाबाईने डोळे पुसले नाहीत. बाकावर ठेवलेली पिशवी तेवढी उचलून मांडीवर घेतली. मालनबाई शेजारी बसल्या.