शून्य मिलिग्रॅम

"अरे, दोन ओळी वर तर लिहिलाय डोस! ह्या मेल्याला दिसत कसा नाही?" सुलक्षणा परब स्क्रीनवर खेकसली.

शेजारचा प्रोग्रामर डेल्रॉय हसला. "ताई, तो कंसाच्या आत जाहीर केलाय. कंसाबाहेर आलं की कोड तपासणारा कंपायलर त्याला ओळख देत नाही. कंसाच्या वर जाहीर करा."

अंधेरीच्या या ऑफिसात सुलक्षणाने एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. टेस्टर म्हणून दरारा असा, की भलेभले प्रोग्रामर तिला बघून वाट बदलत. आता टेस्टिंग मशीनच करणार होतं. मॅनेजर शर्मिष्ठाने सरळ सांगितलं होतं: हॉस्पिटलच्या जुन्या आयफोन ॲपचा ऑब्जेक्टिव्ह-सी कोड आज पाचपर्यंत दुरुस्त करा, तर प्रोग्रामर म्हणून राहाल, नाहीतर हा महिना शेवटचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आपल्याला दुसरीकडे कोण दारात उभं करणार, या धास्तीने तिला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

तिने कंसाच्या वर डोस नव्याने जाहीर केला, किंमत शून्य. एरर गेली. पावणेपाचला बिल्ड पास, ॲप तयार!

"झकास! सुटलात बघा, ताई," शर्मिष्ठा म्हणाली. "पाठवते हॉस्पिटलला."

सुलक्षणाला रडूच यायचं बाकी होतं. पण सवय कुठे जाते? तिने ॲप उघडून पेशंटचं वजन टाकलं. डोस शून्य मिलिग्रॅम. वजन बदललं, तरी शून्यच. वाटलं, गप्प बसावं, सोमवारी गुपचूप बघू. मग ती उठली.

"मॅडम, पाठवू नका. डोस चुकतोय."

"कोणी काढली चूक?"

"मीच."

"ताई, पाच वाजले. कोणाला ठेवायचं त्यांची यादी मला वर साहेबांना पाठवायचीय. आता नाही म्हणालात तर..."

"ठाऊक आहे हो. पण पलीकडे पेशंट आहेत ना."

शर्मिष्ठाने यादीतलं सुलक्षणाचं नाव खोडलं. खोडताना तिलाही ते बरं वाटलं नाही.

सुलक्षणा डेल्रॉयपाशी खुर्ची ओढून बसली. "दाखव रे, कुठे माती खाल्ली मी?"

"वर जाहीर केलात, पण आतही तसाच जाहीर राहिला. दोन डोस झाले. हिशेब होतो आतल्यात, स्क्रीनवर दिसतो वरचा शून्य. आतल्या डोसच्या आधीचा 'डबल' हा शब्द काढा फक्त, म्हणजे तिथे नवा डोस जाहीर होणार नाही."

तिने तो एक शब्द काढला. साठ किलोला एकशेवीस मिलिग्रॅम आले.

"झालं, ताई. आता घरी जा ना."

"थांब रे, लहान मुलाचं बघायचं राहिलंय," ती म्हणाली आणि वजन टाकलं, बारा किलो.