नांदायला आणलेला

मित्रांनो, जव्हारच्या एका दवाखान्यात, धुतलेल्या चादरींच्या कपाटामागे उभा असलेला जुना संगणक मी. आधी ठाण्याच्या एका कचेरीत होतो. तिथे कौतुक झालं, मग गोणपाटात गुंडाळला गेलो. फार वाईट वाटल्याचं आठवत नाही. बंद असताना काही वाटत नाही. पुढे पुढे सुरू असतानाही नाही.

इथले संगणक सांभाळणाऱ्या तबिशने माझी धूळ पुसली. दवाखान्यात कोण काम करतं, कुणाला कुठले कागद उघडायची मुभा आहे, ही सगळी ओळख सांभाळणारी एक प्रणाली त्याने माझ्यात घातली. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी. तीच शेजारच्या दुसऱ्या संगणकातही. एक पडला तर दुसऱ्याने निभवायचं. ती भरवशाची आहे का, हे तबिशने डॉक्टर उज्ज्वलाबाईंना सांगायचं होतं. तो हो म्हणाला की सगळ्या रुग्णांचे कागद आमच्या हवाली.

चादरी ठेवायला येणाऱ्या, जवळच्या पोशेरा गावच्या गोजाबाई हसायच्या.

"फुकाटचा हाय ना रं? टिकंल का?"

"तेच तर बघतोय, मावशी."

"बघ बघ. आमच्यात बी आधी नांदायचा, लगीन मागून. माझा लगीन झाला तवा माघी कडेवर व्हती."

माघी त्यांची लेक. इथेच नर्स होती.

तबिश मुद्दाम माझी वायर काढायचा. दुसरा बिनबोभाट काम करायचा. एकदा त्याने मला बरेच दिवस बंद ठेवलं. त्या दिवसांत माघी तापाने गेली. तबिशने दुसऱ्या संगणकातून तिचं नाव काढून टाकलं. मी झोपेत होतो.

मग मला परत सुरू केलं. मला आठवत होतं ते मी इमानाने दुसऱ्याला सांगितलं. त्याने ते खरं मानलं. पडद्यावर नाव आलं: माघी, बाळंतिणींचा वॉर्ड.

गोजाबाई चादरी घेऊन मागेच उभ्या होत्या. एवढं एक नाव त्यांना वाचता यायचं. लेकीनेच शिकवलेलं.

"ही माझी माघी ना रं?"

"मशीनची चूक आहे, मावशी."

त्यांनी चादरी एकेक करून कपाटात रचल्या. तोवर तबिशने कशाला हात लावला नाही. शेवटची चादर ठेवून त्या म्हणाल्या, "काढ आता. आन् बाईंना सांग, इतक्यात लगीन नको."

उज्ज्वलाबाई वैतागल्या. "अरे, सगळं तर चालतंय!"

"चालतंय, मॅडम. पण गेलेलं माणूस गेलं, हे या प्रणालीला कळत नाही. उद्या त्या नावाने कुणीही कुणाचे कागद उघडेल. अजून नाही."

मी अजून कपाटामागेच आहे.

मित्रांनो, फुकट मिळालेल्याला हिणवू नका, पण घाईने घराची किल्लीही देऊ नका. आणि बरेच दिवस कोपऱ्यात पडलेला कुणी परत आला, तर त्याला आधी जवळ बसवा. मागे काय काय झालं ते सांगा. मला कुणी सांगितलं असतं, तर गोजाबाईंसमोर मी ते नाव घेतलं नसतं.