शेवटचा रायडर येईपर्यंत

मार्सेलिन डाबरेनं छप्पन्नाव्या वर्षी मोटरसायकल घेतली, तेव्हा अॅडलेडच्या ओळखीपाळखीत थोडे दिवस कुजबुज झाली आणि मग विरून गेली. तिला स्वतःला त्यात नवल वाटत नव्हतं. वसईला असताना वडिलांच्या राजदूतवर भाजीच्या टोपल्या बांधून ती बाजारात जायची. नर्सिंगला गेली आणि गाडी सुटली, एवढंच.

खरं कारण घर होतं. मॉसन लेक्समधलं तिचं तीन खोल्यांचं घर. लग्न तिनं केलं नव्हतं. भावाचा मुलगा ड्वेन अठराव्या वर्षी युनिव्हर्सिटीसाठी आला आणि सहा वर्षं तिच्याकडे राहिला. त्या सहा वर्षांत दारात त्याचे बूट असत, खुर्चीवर ओला टॉवेल असे, आणि ती शिफ्टवरून आली की आतून हाक येई, "आत्या, खायला काय आहे?" मग त्याला सिडनीत नोकरी लागली, लिझाशी लग्न झालं, केलीव्हिलला घर झालं. फोन आधी रोज यायचा, मग आठवड्यानं, मग सणावाराला. भांडण काही नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

गाडी घेतल्यावर वर्षभर ती एकटीच टेकड्यांमधून फिरली. मग हॉस्पिटलातल्या कुणीतरी तिला त्या टूरबद्दल सांगितलं. अॅडलेड ते पर्थ, आठ दिवस, एअर हायवेनं. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं घाईघाईनं काढलेला रस्ता. नलारबॉरच्या माळावरून जातो, जिथे मैलोन् मैल झाड नाही. पुढे गाइड, मागे सामानाची गाडी, मुक्काम ठरलेले, बहुतेक रोडहाउसवर, म्हणजे पेट्रोलपंपालगतच्या खानावळी-खोल्यांत. नऊ जणांचा ग्रुप. मार्सेलिननं लगेच नाव दिलं. आठ दिवस लोकांबरोबर जेवायला मिळेल, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी तिला कळलं की बाकीचे आठ म्हणजे चार जोडपी होती. सगळी साठीच्या पुढची, एकमेकांना आधीपासून ओळखणारी. वाईट कुणीच नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी तिला वसई कुठे, हे विचारलं, तिच्या एनफिल्डचं कौतुक केलं, आणि मग ते आपल्या जुन्या गप्पांकडे वळले. संध्याकाळी टेबलं चौघांची असत. मार्सेलिन दोन टेबलांच्या मधल्या कोपऱ्यात खुर्ची ओढून बसायची आणि दोन्हीकडचं थोडं थोडं ऐकायची.

गाइडचं नाव रॉस. सर्वांत शेवटी चालायचा तो ट्रेव्हर, सत्तरीचा, पिवळं जॅकेट घातलेला. रॉसनं पहिल्याच सकाळी नियम समजावला होता. फाटा आला की गाइडच्या मागचा रायडर तिथे थांबणार आणि येणाऱ्यांना वाट दाखवणार. सगळे गेले, शेवटी ट्रेव्हर आला, की मगच त्यानं जागा सोडायची. "ट्रेव्हर येईपर्यंत हलायचं नाही," रॉसनं बजावलं होतं. "तुम्ही हललात तर मागचा माणूस चुकतो, आणि इथे चुकलेला माणूस सापडणं सोपं नाही."

चौथ्या दिवशी, यलाटा गाव मागे टाकल्यावर, रॉस त्यांना डांबरी रस्ता सोडून जुन्या हायवेवर घेऊन गेला; सामानाची गाडी डांबरीनंच पुढे गेली. लाल मातीचा, खडीचा रस्ता. नवा रस्ता झाल्यापासून तो कुणी वापरत नाही. आठ किलोमीटर आत एक फाटा होता. एक वाट सरळ, एक डावीकडे समुद्राच्या कड्यांकडे. त्या दिवशी रॉसच्या मागे मार्सेलिन होती. त्यानं हात खाली करून जागा दाखवली. तिनं गाडी थांबवली, स्टँड लावला आणि डावा हात लांब केला. एकामागून एक तीन जोडपी धूळ उडवत गेली. शेवटच्या बाईनं तिला अंगठा दाखवला.

तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

चौथं जोडपं आणि ट्रेव्हर मागे होते. येतील, असं म्हणून ती उभी राहिली. साडेअकरा झाले. बारा झाले. फोनला रेंज नव्हती, सकाळपासूनच नव्हती. तिनं हेल्मेट काढलं तसा माश्यांचा थवा तोंडावर आला, म्हणून पुन्हा घातलं. वारा वाढला होता. चारी बाजूंना गुडघ्याएवढी करडी झुडपं, आणि आभाळ थेट जमिनीला टेकलेलं. एक वाजता ती झुडपांमागे लघवीला गेली, आडोसा शोधत शोधत, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. शंभर किलोमीटरात बघणारं कोण होतं?

दोनला तिनं उरलेल्या पाण्यातलं अर्धं प्यायलं. गाडीच्या सावलीत बसून रोझरीचे दोन फेरे केले. ट्रेव्हर पडला असेल का? म्हातारा माणूस. नर्सची बुद्धी, लगेच मांडीच्या हाडापाशी पोचली. मग जाऊन बघावं का? पण ती गेली आणि तो दुसऱ्या बाजूनं आला तर? तीस वर्षं वॉर्डात तिनं एकच पाळलं होतं, दुसरी नर्स आल्याशिवाय पेशंट सोडायचा नाही.

तीनच्या सुमाराला मात्र ती उठली. दगड गोळा करून रस्त्यावर मोठा बाण केला, डावीकडे तोंड असलेला. हेल्मेटचा पट्टा बांधला, गाडी चालू केली आणि डांबरी रस्त्याच्या दिशेनं निघाली. दोनेकशे मीटर गेली असेल. खडीवर मागचं चाक सरकलं, तिनं सावरलं, थांबली, आणि बराच वेळ इंजिन चालू ठेवून तशीच बसून राहिली. मग वळून परत फाट्यावर आली.

भीती खडीची होती, हे अर्धंच खरं. अर्धं खरं तिला तिथे, इंजिन बंद केल्यावर, कळलं. तिला आपल्या पायानं परत जायचं नव्हतं. कुणीतरी आपल्याला न्यायला यावं, असं तिला वाटत होतं. नऊ जणांतला एक कमी आहे, हे कुणाच्या तरी लक्षात यावं आणि तो माणूस धूळ उडवत यावा. फार नाही, एकच माणूस. ती रस्त्याकडे बघत बसली. सकाळच्या चाकांच्या खुणा वाऱ्यानं पुसून गेल्या होत्या.

पाचला धूळ दिसली. मार्सेलिन ताडकन उभी राहिली आणि तिनं, काही कारण नसताना, डावा हात लांब केला.

पण ती मोटरसायकल नव्हती. एक जुनी पांढरी यूट होती, मागच्या उघड्या हौद्यात तारांची भेंडोळी आणि लोखंडी खांब. मेंढ्यांच्या मुलखात डिंगो, म्हणजे इथले रानकुत्रे, शिरू नयेत म्हणून हजारो किलोमीटरचं कुंपण घातलंय, त्याची डागडुजी करणारा माणूस. दाढी वाढलेली, पन्नाशीचा. त्यानं काच खाली केली.

"बिघडलीये का गाडी?"

"नाही. मी थांबलेय."

"कुणासाठी?"

"शेवटच्या रायडरसाठी. आमचा ग्रुप आहे. तो आल्याशिवाय मला हलता येत नाही."

त्यानं आधी तिच्याकडे बघितलं, मग दगडांच्या बाणाकडे, मग आपण आलो त्या रस्त्याकडे. "मी तिकडूनच आलो," तो म्हणाला. "तुझ्या मागे कुणी नाहीये." आणि थोड्या वेळानं, "पिवळ्या जॅकेटवाला म्हातारा?"

"हो! तोच. ट्रेव्हर. बरा आहे ना?"

"बरा आहे. दुपारी रोडहाउसवर होता. मीट-पाय खात होता, सॉस लावून. सगळेच होते तुमचे."

खिमा भरलेल्या त्या गरम पायचं चित्र मार्सेलिनच्या डोक्यात फिरत राहिलं. दुपारी म्हणजे किती वाजता, हे विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. त्या माणसानं खाली उतरून पाण्याचा कॅन काढला आणि तिची बाटली भरली. झाकणही त्यानंच लावून दिलं.

"मोटरसायकल मागे टाकू, बस गाडीत," तो म्हणाला.

"नको. चालवीन मी."

"खडी मोकळी झालीये वाऱ्यानं."

"माहितीये."

"मग मी मागून येतो. पडलीस तर उचलायला." तो यूटमध्ये बसला, आणि पुन्हा डोकं बाहेर काढून म्हणाला, "मी चौदा-चौदा दिवस एकटा असतो इथे. पण मला माहीत असतं की मी एकटा आहे. हे वेगळं आहे."

त्या आठ किलोमीटरला तिला अर्धा तास लागला. दोनदा गाडी कलली, पडली नाही. डांबर लागल्यावर त्यानं मागून दिवे उघडझाप केले आणि तो उलट्या दिशेला निघून गेला. नाव विचारायचं राहिलंच. पुढचे सत्तर किलोमीटर ती एकटी होती, डावीकडून वारा, समोर उतरतं ऊन. सहा वाजून गेल्यावर रोडहाउसचं पत्र्याचं छप्पर दिसलं.

आत टेबलं जोडून सगळे जेवायला बसले होते. दार उघडताच एक बाई हसून म्हणाली, "आलीस? आम्हाला वाटलं खोलीत झोपलीयेस." मग तिचं लक्ष मार्सेलिनच्या कपड्यांवर गेलं, लाल मातीनं माखलेल्या, आणि हसू तिथेच थांबलं. रॉस उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"तू... फाट्यावर?"

काउंटरवर खोल्यांच्या किल्ल्या टांगल्या होत्या. ग्रुपच्या खोल्यांचे बाकीचे हुक रिकामे होते. एकावर तिची किल्ली होती. दुपारपासून तिथेच.

रॉस बोलायला लागला, घाईघाईनं, एकाच गोष्टीची तीन तीनदा माफी मागत. "आय ॲम सो सॉरी, मार्सेलिन. मी काय बोलू..." 'नो वरीज' तिच्या जिभेवर आलं. अॅडलेडमधल्या सोळा वर्षांत ते दोन शब्द तिनं दिवसातून वीस वेळा उच्चारले असतील. आज ते बाहेर पडले नाहीत.

"सहा तास, रॉस," ती म्हणाली. "मी सहा तास तिथे होते." आणि किल्ली काढून खोलीकडे गेली.

आंघोळ करून ती पायरीवर बसली तेव्हा ट्रेव्हर दोन मग घेऊन आला. चहा होता, दूध जास्त झालेला. तो तिच्याशेजारी गुडघे धरत बसला. फाट्याच्या अलीकडे चौथ्या जोडप्याचं टायर फुटलं, असं त्यानं सांगितलं. वारा वाढल्यामुळे रॉसनं कड्यांकडे जाणं रद्द केलं, पुढच्या दुसऱ्या वाटेनं सगळ्यांना बाहेर काढलं, आणि ट्रेव्हरला रेडिओवर कळवलं की तू डांबरीनंच ये. "रॉसला वाटलं, मागे वळण्याआधी तुला मी फाट्यावरून घेईन. मला वाटलं त्यानं तुला बरोबर नेलं. मी विचारायला हवं होतं. मोजणं माझं काम आहे. मी मोजलं नाही."

मार्सेलिननं चहाचा घोट घेतला. "खरं सांग. मी आलेच नसते तर तुम्हाला कधी कळलं असतं?"

तो पटकन काही म्हणाला असता तर तिला त्याचा राग आला असता. त्यानं विचार केला. बराच वेळ केला.

"नाश्त्याला, बहुतेक," तो म्हणाला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बरंही वाटलं. दिवसभरात कुणीतरी तिला पहिल्यांदा खरं सांगितलं होतं. दोघं चहा संपेपर्यंत बसले. तो आत गेल्यावर तिनं रोडहाउसच्या वायफायवर ड्वेनला फोन लावला.

"आत्या! हाय! सगळं ओके ना? टूर कशी चाललीये?" मागे भांड्यांचे आवाज, लिझाचं हसणं.

"मस्त" असं म्हणायची तिला सवय होती. तो खूश व्हायचा, आणि फोन दोन मिनिटांत संपायचा.

"ड्वेन, ऐक जरा. आज मी सहा तास रस्त्यावर एकटी उभी होते. मला विसरले. कुणाला कळलंसुद्धा नाही."

"व्हॉट? आत्या, आर यू हर्ट?"

"नाही रे. लागलं नाही कुठे." तिचा आवाज फाटला, तिनं तो सावरला नाही. "मी तिथे बसून विचार करत होते, माझ्या घरात मी पडले तर कुणाला कधी कळेल. तू मला रविवारी फोन करत जा. कामासाठी नाही. असाच. मी आजपर्यंत कधी मागितलं नव्हतं, आज मागतेय."

पलीकडे भांड्यांचे आवाज थांबले. तो बहुतेक दुसऱ्या खोलीत गेला असावा.

"आत्या," तो आता मराठीतच म्हणाला, शब्द शोधत शोधत, "तू आता कुठे आहेस? म्हणजे नक्की कुठे? मला पिन पाठव. आत्ता पाठव. मी बघतो नकाशावर."

तिनं पाठवली. त्यानं नकाशा उघडला. "इथे तर काहीच नाहीये, आत्या," तो म्हणाला.

"हो. काहीच नाहीये."

टूर तिनं पुरी केली. बाकीचे चार दिवस सगळे तिच्याशी जरा जास्तच प्रेमानं वागले, दर थांब्यावर कुणी ना कुणी तिचं नाव मोठ्यानं घेई, आणि त्याचा तिला शीणच आला. ट्रेव्हर तेवढा पूर्वीसारखा राहिला. पर्थला त्यानं हात मिळवला आणि तो मुलीकडे निघून गेला. मार्सेलिननं गाडी ट्रान्सपोर्टनं पाठवली आणि विमानानं घरी आली.

पुढच्या रविवारी ड्वेनचा फोन आला. चाळीस मिनिटं बोलला; लिझाही बोलली. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. तिसऱ्या रविवारी आला नाही. संध्याकाळी सातपर्यंत मार्सेलिननं भाजी चिरली, फोन बघितला, भाजी फोडणीला टाकली. मग गॅस बारीक केला, हात पुसले आणि फोन तिनंच लावला.