दोन बोटांची जागा

मित्रांनो, मी एक जुना चामडी पट्टा आहे. आज कुत्र्याच्या गळ्यात असलो, तरी माझा जन्म बसमधला. छताच्या दांडीला मी लटकत असे आणि उभे प्रवासी मला धरून तोल सावरत. वळण आलं की मूठ आवळे, तळव्याला घाम फुटे. लोकांची भीती अशी वर्षानुवर्षं मुरत गेली आणि मीही भित्रा झालो. चामडं जाड असलं म्हणजे काळीज घट्ट असतंच असं नाही.

एका दुपारी उतारावर बसचं पुढचं चाक फुटलं. तो आवाज अजून आठवला तरी माझी शिवण आखडते. बस भिंतीला घासत कशीबशी थांबली. कोणी दगावलं नाही, पण आमचे चालक खाली उतरले ते थरथरतच, आणि परत कधी स्टिअरिंगवर बसले नाहीत. पुढे बस भंगारात निघाली तेव्हा त्यांनी मला आठवण म्हणून मागून घेतलं. घरी नुकतंच एक पिल्लू आलं होतं. चपला शिवणाऱ्याने मला कापलं, भोकं पाडली, बक्कल लावलं आणि फोन नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला अडकवला. तेव्हापासून ते चालक म्हणजे माझे आजोबा.

पिल्लू तपकिरी, एक कान पडलेला. दिसेल त्या खांबापाशी थांबायचं, म्हणून आजोबांनी नाव ठेवलं ब्रेक. आणलं होतं घराच्या राखणीला! मिक्सर सुरू झाला की राखणदार पलंगाखाली.

"चोर आला तर त्याच्याआधी हाच पळेल," सूनबाई म्हणत. त्या घरीच शिलाई करत आणि शिवलेल्या कपड्यांवरचे ब्रेकचे केस वेचता वेचता त्याचा उद्धार करत.

पण खरी गोष्ट मला ठाऊक होती. आजोबांच्या कानात चाक फुटल्याचा तो आवाज अवचित घुमायचा. मग छाती धडधडायची, घर अंगावर यायचं, तोंडातून शब्द फुटायचा नाही. आत सूनबाईंचं शिलाईचं मशीन चालू असायचं, कोणाला पत्ताही लागायचा नाही. ब्रेकला मात्र कळायचं. तो येऊन त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकवी. आजोबांची गार बोटं माझ्या आत शिरत आणि ब्रेकचा गरम गळा त्यांना लागे. हळूहळू बोटं उबदार होत, थरथर थांबे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे एका भित्र्याच्या पाठीशी दुसरा भित्रा उभा होता.

फक्त एक खोड होती. आजोबा मला नेहमी सैल ठेवत.

"बाबा, हा पट्टा डोक्यातून निघेल हं एखाद दिवशी," सूनबाई बजावत.

"अगं, स्टिअरिंगलासुद्धा थोडा प्ले, थोडा सैलपणा लागतो. आवळून चालत नाही. जन्म गेला माझा त्यात!"

आता जन्म घालवलेल्या माणसाला कोण शिकवणार? मी मात्र मान हलली की कानापर्यंत सरकत असे आणि रोज धास्तावत असे.

आणि एका संध्याकाळी, आम्ही फिरायला निघालो असताना, कोपऱ्यावर ट्रकचं चाक फुटलं.

ब्रेकने मान खाली घातली, मागे रेटा दिला आणि मी त्याच्या कानांवरून निसटलो. ब्रेक दिसेनासा झाला. आजोबा भिंतीला धरून खाली बसले. त्यांची बोटं सवयीने माझ्या आत शिरली, पण आत गळा नव्हता. मित्रांनो, बस भिंतीला घासली तेव्हाही मी इतका भ्यालो नव्हतो. नंबर माझ्यापाशी आणि कुत्रा रस्त्यावर! आता तो कोणाचा, हे कोणाला कळणार?

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने घरी निरोप पाठवला, तशा सूनबाई हातातलं काम टाकून धावत आल्या. गल्लीबोळांतून "ब्रेक! ब्रेक!" अशा हाका सुरू झाल्या. एका स्कूटरवाल्याने खरंच ब्रेक दाबला. एरवी आम्ही हसलो असतो.

"बाबा, तुम्ही घरी जा. मी शोधते त्याला."

"नाही गं," आजोबा म्हणाले. "तो नसला तर माझी रात्र निघायची नाही."

असं काही सूनबाईंनी प्रथमच ऐकलं होतं.

शेवटी फळवाल्याने सांगितलं, तपकिरी कुत्रा बसडेपोत शिरलाय. फाटकापाशी आजोबांचे पाय अडले. नोकरी सोडल्यापासून ते आत गेले नव्हते. तोच डिझेलचा वास, त्याच रांगा. वॉचमनने त्यांना ओळखलं.

"अहो, तुमचाय होय? त्या बसखाली दडलाय. दात विचकतो, कोणाला जवळ येऊ देत नाही. गाडीची वेळ झालीय. इंजिन सुरू केलं तर बिथरून चाकाखाली जायचा."

आजोबा बसपाशी गुडघ्यांवर बसले, मग सरळ पोटावर आडवे झाले. हाक मारायला गेले, पण आवाजच फुटेना. मला धरलेला हात त्यांनी बसखाली घातला. तो इतका कापत होता की माझा बिल्ला बक्कलावर आपटू लागला. किण, किण, किण. ब्रेक चालायला लागला की रोज होणारा हाच तो आवाज.

अंधारात दोन डोळे हलले. ब्रेक पोटाने सरपटत आला आणि त्याने त्या कापऱ्या हातावर हनुवटी टेकवली. दोघेही थरथरत होते आणि मध्ये मी होतो.

"बाबा, आता एक भोक पुढे," सूनबाई डोळे पुसत म्हणाल्या. आजोबांनी मला ब्रेकच्या गळ्यात चढवलं आणि बक्कल ओढलं.

मित्रांनो, तुमच्या घरी मुकं जनावर असेल तर त्याच्या पट्ट्यात दोन बोटं जातील इतकीच जागा ठेवा, आणि ती रोज तपासा. आमचे आजोबा रोज तपासतात. बोटं आत घालतात आणि बराच वेळ काढत नाहीत.

काल दुपारी आजोबा झोपले होते. मशीन मध्येच थांबलं. दोन बोटं हळूच माझ्या आत शिरली. गार होती, सुईने टोचलेली होती आणि कापत होती. सूनबाई कशाला घाबरल्या होत्या, कोण जाणे. ब्रेकने विचारलं नाही. त्याने त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकवली आणि त्यांना हवा तेवढा वेळ तो हलला नाही.