रविवारचा चोर

आमच्या घराचा मेल सर्व्हर बूट ठेवायच्या कपाटात, वरच्या फळीवर असतो. जाड पुस्तकाएवढा काळा डबा. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळले, निवृत्त झाल्यावर हौसेने घरचा मांडला. आडनावाने ईमेलचा पत्ता घेतला आणि तीन टपालपेट्या उघडल्या : माझी, बायकोची, लेकीची. बायको म्हणायची, "तीन माणसांना पोस्ट ऑफिस कशाला लागतं?" आता दोनच उरलो आहोत आणि त्यातली एक विमानाने नऊ तासांवर राहते.

बायको गेली तेव्हा लेक वेळेवर पोहोचली नाही, कारण मी तिला वेळेवर कळवलंच नाही. त्यावरून आमचं कडाक्याचं वाजलं. परत जाताना दारात बूट घालता घालता ती म्हणाली, "फोन करणार नाही मी. फोनवर तुम्ही ओरडता, मग मीही ओरडते. लिहीन."

"लिही," मी म्हटलं. बाप म्हणून तेवढंच सुचलं.

त्याच आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, ताईचं पत्र आलंय."

कुणा भामट्याने बायकोचा पत्ता वर चिकटवून नातेवाइकांना 'इथे बोट दाबा' छापाची पत्रं धाडली होती. ईमेलवर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो, पाकिटावर लिहावं तसं. हे मला पस्तीस वर्षं माहीत होतं. पण गेलेल्या माणसाच्या नावाने कुणी हा उद्योग करावा, याने माझं डोकंच फिरलं.

तीन दिवस जेवणाकडेही लक्ष नव्हतं. आमच्या डब्यातून निघणाऱ्या प्रत्येक पत्रावर न दिसणारी सही उमटेल अशी व्यवस्था केली. ती सही खरी की खोटी हे पडताळायची किल्ली जगासाठी उघडी ठेवली. पत्रं कुठल्या सर्व्हरवरून निघू शकतात याची यादी लावली. त्या यादीत फक्त कपाटातला डबा. आणि वर नियम जाहीर केला, की आमच्या आडनावाने आलेलं पत्र यात बसलं नाही तर दारातूनच परतवा. शहाणी माणसं हा नियम लगेच लावत नाहीत. आधी महिना-दोन महिने नुसतं बघतात, कोणकोण आपल्या नावाने पत्रं पाठवतंय ते. नोकरीत नव्या लोकांना मी हेच घसा कोरडा करून शिकवलं. स्वतःच्या घरी मात्र पहिल्याच दिवशी शेवटच्या टोकाला गेलो.

मग रोज सकाळी सर्व्हरचा अहवाल यायला लागला. त्यात पत्रं कुठल्या मशिनवरून आली, किती आली आणि त्यांचं काय केलं, एवढंच असतं. कुणी लिहिलं ते नसतं. पहिले काही दिवस भामट्याची पत्रं दिसली, मग तो कंटाळून गेला. उरला एकच चोर. दर रविवारी एक पत्र पाठवायचा. सर्व्हर ते परतवायचा आणि मी सोमवारी चहाबरोबर ते वाचून खूश व्हायचो. 'ये की पुन्हा, पड की तोंडघशी,' असं मोठ्याने म्हणायचो. घरात ऐकायला कुणी नव्हतंच.

लेकीचं पत्र मात्र येईना. महिना गेला, तीन गेले, पाच गेले. मी का लिहू आधी? लिहीन असं ती म्हणाली होती. संध्याकाळी पेटी उघडायची, वीजबिलाचं पत्र बघायचं, बंद करायची. एकाच माणसावर इतका राग धरून त्याचीच इतकी वाट मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

बाविसाव्या रविवारनंतर चोर यायचा थांबला. पहिल्या सोमवारी मी विजयाने टाळी वाजवली. पाचव्या सोमवारी लक्षात आलं, की मला त्याची आठवण येतेय. आठवड्यातून एकदा का होईना, नेमाने दार ठोठावणारं तेवढंच कुणी होतं. हातात दुसरं काम नव्हतं, म्हणून हा कोण होता ते बघायला बसलो. अहवालातला त्याच्या मशिनचा आकडा कुणाचा ते शोधलं. ती एका फोन कंपनीची मेल सेवा निघाली. नाव ओळखीचं होतं. दोन वर्षांपूर्वी लेक पहिल्यांदा तिकडे गेली, तेव्हा तिथून आपल्या डब्यापर्यंत जोडणी टिकत नव्हती, म्हणून तिची पत्रं त्याच कंपनीमार्फत निघतील अशी सोय मीच तिच्या फोनमध्ये करून दिली होती. आणि साफ विसरलो होतो.

सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. बावीस रविवार. पाठवणारी लेक, घेणारा मी, परत पाठवलं. आणि प्रत्येक वेळी, पत्र का परतवलं याचा तिला गेलेला खुलासा. तो एरवी आयताच, इंग्रजीत असतो. भामट्याला आपल्या भाषेत ऐकवावं म्हणून मी रोमन अक्षरांत स्वतः लिहिला होता : हे पत्र आमच्या घरचं नाही. पुन्हा पाठवू नये.

हे वाचूनही तिने एकवीस वेळा पुन्हा पाठवलं होतं.

तिची पेटी माझ्याच डब्यात आहे. उघडली असती तर परत गेलेली सगळी पत्रं वाचता आली असती. हात तिथवर गेलाही. पण बायकोची पेटी मी तिच्यामागे उघडली नाही, तर जिवंत लेकीची कशी उघडू? फोन लावला.

"कोण गेलं?" ती म्हणाली.

"कुणी नाही गं." मग मी सगळं सांगितलं, सही, यादी, नियम. अडखळत, उलटसुलट. आयुष्यात इतकं वाईट कधी समजावून सांगितलं नव्हतं.

"म्हणजे ते तुम्ही लिहिलं नव्हतं?"

"लिहिलं मीच. तुला नव्हतं लिहिलं."

"मला वाटलं तुम्हीच," ती म्हणाली. "खोटं वाटावं असं काही नव्हतं त्यात."

"काय लिहायचीस?" मी विचारलं.

"एकच विचारत होते. आईने मला बोलवायला सांगितलं होतं का?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, ती पत्रं पोहोचली नाहीत तेच बरं झालं. लाज वाटली, तरी वाटलं.

मी तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "फोनवर नको, बाबा. लिहा. आणि खरं लिहा."

आधी तिच्या फोन कंपनीचं नाव यादीत घातलं, नियम सैल केला. मग लिहायला बसलो. सकाळी अकराला बसलो, ते पत्र चार वाजता गेलं. एवढंच होतं :

'हो. तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझा हात धरून सांगितलं. तुझी परीक्षा होती, ती होऊ दे असं मीच ठरवलं. तुझ्या आईला मात्र म्हणालो, की तू निघाली आहेस. ती दाराकडे बघत राहिली.'

दहा मिनिटांत तिने ते पेटीतून उचलल्याची नोंद दिसली.

त्याला आज सोळा दिवस झाले. उत्तर नाही. मी रोज नोंदी तपासतो. सर्व्हरने काहीही परतवलेलं नाही.